बायबल वाचन आणि प्रार्थनेचं रुटीन सारखं तुटतंय? आधी तुंबलेलं पाणी ओतून टाका

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एकीनं चर्चच्या पायरीवर, एकीनं फोनवर आणि एकीनं नाईट ड्युटीत चहा पिताना. प्रश्न असा की ताई मी दर वर्षी १ जानेवारीला बायबल वाचायला सुरू करते, पहाटेची प्रार्थना पण सुरू करते, पंधरा दिवस वीस दिवस छान चालतं आणि मग बंद पडतं ते बंदच, परत उपवासकाळात सुरू, परत बंद, माझ्यात विश्वासच कमी आहे का? तिघींना तुटक तुटक सांगितलं, नीट सांगता आलं नाही, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. मी पाळक नाही, नर्स आहे, सोलापुरात वीस वर्षं ड्युटी करतेय, आणि हा प्रॉब्लेम माझा स्वतःचा बारा-तेरा वर्षं होता, त्यामुळं जे लिहितेय ते करून बघितलेलं आहे.

पहिल्यांदा एक बघायचं. रुटीन तुटलं म्हणताय तर नेमकं कुठल्या दिवशी तुटलं? बहुतेक जण म्हणतील ज्या दिवशी वाचलं नाही त्या दिवशी. मी पण असंच समजायचे. पण वही काढून बघितलं तर तसं नव्हतं. एक दिवस तर सगळ्यांचाच चुकतो, पाहुणे येतात, पोराला ताप येतो. तुटतं ते त्याच्या पुढं तीन-चार दिवसांनी, जेव्हा आपण बसतो आणि मागचं भरून काढायचा हिशोब करतो. माझ्या वहीत एका वर्षी ११ दिवसांची बाकी होती, रोजचे तीन अध्याय म्हणजे ३३ अध्याय, रात्री अडीच वाजता वॉर्ड शांत झाल्यावर मी ते ३३ लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि वही मिटली. त्या वर्षी परत उघडलीच नाही. म्हणजे वाचलं नाही म्हणून तुटलं नाही, साठलं म्हणून तुटलं.

आता हे साठवणं आपल्या अंगात कुठून आलं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या भागात चार दिवसाआड नळ येतो. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमचा नळ त्याच्या वेळेनंच येणार. त्यामुळं घरात टिपाड, कॅन, घागरी, बाथरूममधला हौद, जे मिळेल ते भरून ठेवायचं, आला दिवस की डबल भरायचं. हीच सवय आपण देवाच्या वचनाला लावतो. आठवडाभर काही नाही आणि रविवारी सकाळी टिपाड भरून घ्यायचं, किंवा चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी बारा अध्याय एका दमात.

मला हे कळलं ते एका सप्टेंबरात. टिपाडाच्या तळाला थोडं पाणी उरलेलं होतं, नवीन भरायच्या आधी ते वाकवून ओतत होते तर खाली अळ्या वळवळत होत्या, बारीक, स्वल्पविरामासारख्या, डोकं खाली करून लटकलेल्या. आम्ही हॉस्पिटलमध्ये लोकांना रोज सांगतो की डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, भांडी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. आणि माझ्याच घरात ही गत. वाईट वाटलं. त्याच आठवड्यात रविवारच्या उपदेशाचा शास्त्रभाग निर्गम १६ होता, मान्नाचा, म्हणजे रानात देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेल्या भाकरीचा. एका माणसाला एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, रोजचं रोज गोळा करायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. काहींनी ऐकलं नाही, ठेवलं, आणि त्यात किडे पडले आणि घाण सुटली. आणि ऊन तापलं की शेतात उरलेलं वितळून जायचं. हा अध्याय मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेला, पण त्या दिवशी बाकावर बसून माझ्या डोळ्यासमोर टिपाडाचा तळ आला आणि माझी ती ३३ ची रेघ आली.

त्या अध्यायात अजून एक गोष्ट आहे जी आपण पटकन ओलांडतो. ज्यानं जास्त गोळा केलं त्याला जास्त झालं नाही आणि ज्यानं कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. आणि काल जो गेलाच नाही त्यानं आज दोन ओमर आणावेत असं देवानं कुठं सांगितलेलं नाही. दोन ओमर फक्त सहाव्या दिवशी, ते पण शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, पुढच्या दिवसाचे. मागची बाकी नाहीच त्या हिशोबात. विलापगीत ३ मध्ये त्याची दया रोज सकाळी नवी होते असं लिहिलंय ते आपण कार्डावर छापून भिंतीला लावतो, पण वही मात्र कालच्या बाकीचीच ठेवतो.

म्हणून पहिला उपाय, आणि मी म्हणेन बाकीचे सगळे उपाय याच्यानंतर. आठवड्यातून एक कोरडा दिवस. आमच्या घरी तो शनिवारी रात्री. त्या आठवड्यात जे वाचायचं राहिलं ते राहिलं, पानावर आडवी रेघ, रविवारी उपासना आणि सोमवारी त्या दिवसाचा भाग. मागं जायचं नाही. काही जणांना हे पटत नाही, त्यांना वाटतं असं केलं तर पूर्ण बायबल कधी होणार. बायबलचे ११८९ अध्याय आहेत, जुन्या करारात ९२९ आणि नव्यात २६०, कुठं पळून जात नाहीत. जे सुटलं ते पुढच्या फेरीत येईल. मी तीन वर्षं झाली असं करतेय आणि या तीन वर्षांत जेवढं वाचलं तेवढं त्याच्या आधीच्या दहा वर्षांत मिळून वाचलं नव्हतं.

आता तुमची गाडी नेहमी ठराविक जागी अडकत असेल तर तो वेगळा बिघाड आहे. कॅलेंडर काढून बघा. १ जानेवारीपासून उत्पत्तिपासून रोज तीन अध्याय असं धरलं तर उत्पत्तिचे ५० आणि निर्गमचे ४० मिळून ९०, म्हणजे ३० जानेवारीला निर्गम संपतं. २५ जानेवारीच्या आसपास निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद, किती कड्या, किती आकड्या. ३१ तारखेपासून पुढचं पुस्तक लेवीय, त्यात होमार्पण, अन्नार्पण, कुष्ठरोगाचे नियम, ते ८ फेब्रुवारीपर्यंत. इकडं सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरलेली असते, पोरं रोज पाळण्यात बसायला मागतात, महिन्याच्या शेवटी पगार संपलेला असतो, आणि वाचायला मापं. तिथं तुम्ही थांबलात तर त्यात नवल काय. लेवीय कमी महत्त्वाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, इब्री लोकांस पत्र नीट कळायचं तर लेवीय लागतंच. पण ज्याची सवयच अजून लागली नाही त्यानं त्या रस्त्यानं पहिल्यांदा जाऊ नये. मार्कपासून सुरू करा, १६ अध्याय आहेत, गोष्ट पळत पळत पुढं जाते. मग फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय. मग लूक. लूकचे २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरला सुरू करून रोज एक वाचला तर बरोबर नाताळच्या आदल्या दिवशी संपतो, आमच्या तरुण संघातल्या मुलांनी एकदा असं केलं आणि त्यांच्यातले निम्मे जण जानेवारीत पण वाचत राहिले. नीतिसूत्रे ३१ अध्याय, तारखेप्रमाणे एक, चुकला तर त्या तारखेचा पुढच्या महिन्यात.

तीन अध्यायच का असं कुणी विचारलं तर, वर्षात पूर्ण बायबल करायचं म्हणून. तरी फक्त तीननं होत नाही, रविवारी पाच घ्यावे लागतात. स्कॉटलंडच्या डंडी गावचे रॉबर्ट मरे मॅकचेन म्हणून पाळक होते, त्यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं वेळापत्रक बनवलं, जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा, अजून जगभर लोक ते वापरतात. पण ते वेळापत्रक देताना त्यांनी स्वतःच त्याचे धोके पण लिहून दिले होते. नुसती रीत होऊन बसेल, पूर्ण केलं म्हणून स्वतःच्या धार्मिकतेचं समाधान वाटायला लागेल, घाईघाईत डोळे फिरतील, आणि काहींना ते जू जड होईल. हे सगळं त्यांना माहीत होतं. आपण वेळापत्रक घेतो आणि ते धोके वाचत नाही.

पुढचा बिघाड वेळेचा. "पहाटे पाच वाजता उठून" हे आपल्याकडं इतकं पक्कं बसलंय की पाचला उठता आलं नाही की लोक दिवसच सोडून देतात. प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेले हे मार्क १ मध्ये आहेच, आणि ज्यांना पहाट जमते त्यांनी ती सोडू नये, पहाटेसारखी शांतता दिवसभरात परत मिळत नाही. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळी, सकाळी व दुपारी असं आहे. वेळ एकच नाही. आणि आमच्याकडं नळ कधी रात्री दीडला येतो, शेजारच्या काकू गल्लीत ओरडतात, "ऊठ की गं, पाणी येलालंय!", मोटार लावायची, भरायचं, झोपेपर्यंत साडेतीन, मग पाचला कोण उठणार. एप्रिल-मे मध्ये तर पारा ४२-४३ पर्यंत जातो, रात्री एक वाजेपर्यंत भिंती गरम, गच्चीवर पडून डोळा लागतो तो पहाटेच. अशा शहरात घड्याळाला टांगलेली सवय टिकत नाही, तिला अशा कामाला टांगावी लागते जे काहीही झालं तरी रोज होतंच.

हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. त्यांनी पस्तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, डाव्या हातात पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, तोंड दुमडायचं, बघता बघता एक. हात थांबायचा नाही आणि ओठ पण थांबायचे नाहीत. मला लग्नानंतर वर्षभर वाटायचं विड्या मोजतात. एक दिवस जवळ बसले तेव्हा कळलं की पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला की त्या एक नाव घेत होत्या. एका कट्ट्याला एक माणूस, त्याच्यासाठी प्रार्थना पुढचा कट्टा होईपर्यंत. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे, चाळीस नावं. त्यात त्यांची पोरं, नातवंडं, पाळकसाहेब, कारखान्यात पानं वाटणारा माणूस, ज्याच्याशी आमचं वीस वर्षं बोलणं नव्हतं तो चुलत दीर, आणि लग्नाच्या आधीपासून मी. त्यांना वाचता फारसं येत नाही, २३वं स्तोत्र आणि अजून सहा-सात स्तोत्रं तोंडपाठ आहेत. त्यांना मी कधीही "आज माझी प्रार्थना राहिली" असं म्हणताना ऐकलं नाही, कारण काम राहिलं तरच प्रार्थना राहणार आणि काम राहून चालणारं नव्हतं.

अभ्यास करणाऱ्यांनी पण हेच बघितलंय. २१ दिवस केलं की सवय लागते असं सगळीकडं फिरतं ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून एक नवीन काम करायला सांगितलं, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाबरोबर असं, आणि १२ आठवडे बघितलं. २००९ मध्ये ते छापून आलं. ते काम आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, कुणाला १८ तर कुणाला २५४ पण लागू शकतात. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर काही मोठा फरक पडत नव्हता. म्हणजे विसाव्या दिवशी तुम्हाला जड वाटतंय तर त्यात विश्वासाचा प्रश्न नाही, सवय अजून अर्ध्या रस्त्यात सुद्धा आलेली नाही.

माझी मी अशी जोडली. ड्युटी सकाळची असो दुपारची असो रात्रीची असो, घरी आले की चप्पल काढते, युनिफॉर्म बादलीत टाकते, पाय धुते. हे तीन काम माझं कधीच चुकत नाही, हॉस्पिटलचे जंतू घरात नकोत म्हणून. पाय धुतले की ओल्या पायानंच देवघरा... आमच्याकडं देवघर नाही, पण माहेरच्या शेजारणींची सवय म्हणून तोंडात येतं, खिडकीजवळ लोखंडी खुर्ची आहे तिच्यावर बसते. पाय वाळेपर्यंत वाचायचं. बास. सुरुवातीला एवढंच होतं, पाय वाळेपर्यंत, उन्हाळ्यात तर दोन मिनिटं पण नाही. आता पाय वाळतात आणि मी बसूनच असते. घड्याळाचं नावच नाही त्यात, म्हणून शिफ्ट बदलली तरी तुटत नाही. तुम्ही भाकरीचा तवा तापायला ठेवता तेव्हा, दुकानाचं शटर उघडलं की, पोरांची रिक्षा गेली की, लूमवर कांडी बदलताना, ज्याचं जे असेल ते. फक्त एकच निवडा. दोन जागी टांगलं की दोन्हीकडून निसटतं.

मोबाईलबद्दल थोडंच लिहिते कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच ऐकत नाही. मोबाईलमधलं बायबल प्रवासात, नाईटला, ऐकण्यासाठी फार चांगलं आहे, नवा करार मराठीत ऐकायला मिळतो, भांडी घासताना मार्क ऐकला तर दीड-दोन तासात पूर्ण होतो. पण बसून वाचायचं तर कागदाचं. मी स्वतः मोबाईल उघडायचे वचनासाठी आणि वीस मिनिटांनी कुणाच्या तरी हळदीचे फोटो बघत असायचे. दुसरं म्हणजे ग्रुपवर सकाळी येणारी फुलांच्या फोटोवरची वचनं. ती वाचून, दहा जणांना पाठवून वाटतं की झालं आजचं. ते पाहुण्यांच्या ताटातला एक घास चाखण्यासारखं आहे, आपलं जेवण नाही ते. आणि अॅपमध्ये सलग दिवस मोजणारा आकडा असतो, तो बंद करता आला तर करा, नाहीतर त्याच्याकडं बघू नका. एका दिवसात १४० चा शून्य झाला म्हणून रडलेली मुलगी मी बघितलीय, आणि तिनं त्यानंतर अॅपच काढून टाकलं.

वाचताना मन भटकतं त्याला औषध म्हणजे आवाज. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करतो असं आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द हागा आहे आणि त्याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणं, गुणगुणणं असा होतो, यशया ३१ मध्ये सिंह शिकारीवर बसून गुरगुरतो तिथं पण हाच शब्द. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं असं आपण समजतो, पण शब्द तोंडात घोळवणं असं ते आहे. हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मला सासूबाईंचे ओठ आठवले. तुम्ही पुटपुटत वाचा, एक ओळ परत म्हणा, मन गेलं तरी तोंड तिथंच राहतं आणि मन परत येतं. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्रच प्रार्थना म्हणून म्हणा. ११७वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे, मरगळलेल्या दिवशी तेवढं तरी होतंच. नाहीतर एक भजन. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या मंडळ्यांमध्ये अजून म्हटली जातात, ते १९१९ मध्ये गेले पण त्यांच्या भजनांत बसलेली प्रार्थना आपल्या बोलीतली आहे, ती म्हणताना मनात भाषांतर करावं लागत नाही.

कुटुंबाच्या प्रार्थनेचा बिघाड जवळपास प्रत्येक घरी एकच असतो. ती लांबते. वडील माणूस वाचतो, मग समजावतो, मग प्रार्थनेत मुलांच्या चुका देवाला सांगतो. मुलांना ते कळतं हो, की हे देवाला नाही मला ऐकवलालेत. आमच्याकडं असं व्हायचं, माझ्याकडूनच व्हायचं, आणि मोठा मुलगा आठ वाजले की बरोबर बाहेर जायचा. आता दहा मिनिटं, त्यात गाणं मुलांनी निवडायचं, वाचन पाळीपाळीनं, प्रार्थनेत प्रत्येकानं एक उपकारस्तुती आणि एक मागणी, दुसऱ्याबद्दल तक्रार प्रार्थनेत आणायची नाही. अनुवाद ६ मध्ये घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी या वचनांबद्दल बोल असं आहे, म्हणजे जास्तीचं बोलणं दिवसभरात स्कूटरवर, ताटावर होऊ शकतं, सगळं त्या दहा मिनिटांत कोंबायचं कारण नाही.

आता जे लिहितेय ते जरा सावकाश वाचा. कधी कधी बिघाड सवयीत नसतोच, माणूस थकलेला असतो. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा. देवदूत त्याला उपदेश करत नाही, रागवत नाही, ऊठ आणि प्रार्थना कर असं म्हणत नाही. ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो, देव त्याला झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो, मग रस्त्याला लावतो, आणि मंद वाणी ऐकू येते ती त्याच्यानंतर. मी डबल ड्युटी करून आलेल्या बायकांना म्हणते, आज तुझी भाकर आणि झोप हीच देवाची आज्ञा समज. आणि नर्स म्हणून सांगते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप येत नाही किंवा नुसती झोपच येते, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर ते तुमच्या भक्तीचं अपयश नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि पाळकांना पण सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगून डॉक्टरकडं जा. डॉक्टर आणि पाळक दोन्ही चालतात, औषध घेतल्यानं विश्वास कमी होत नाही. असं कुणी म्हणत असेल तर त्यांचं ऐकू नका.

एकटीनं धरलेलं लवकर सुटतं हे पण बघितलंय. पण पन्नास जणांचा ग्रुप त्याला उपाय नाही, तिथं सगळे हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि कुणी कुणाला विचारत नाही. एक माणूस धरा, एकच. माझी एक मैत्रीण आहे, रेल्वे लाईन्सकडं राहते, आम्ही रोज एकमेकींना फक्त वचनाचा आकडा पाठवतो. मार्क ४:३८. बास. वाचलं का नाही ते विचारायचं नाही, कुठलं वचन अडकलं तेवढं. दोन-तीन दिवस आकडा आला नाही तर फोन करायचा, आणि फोनवर पहिलं वाक्य वाचनाबद्दल नाही, बरी आहेस का. इब्री ३:१३ मध्ये रोज एकमेकांना बोध करा आहे, तो शब्द रोज आहे, मला आधी कधी दिसलाच नव्हता.

आणि "विश्वास कमी आहे का" म्हणून विचारणाऱ्या तिघींसाठी. तारण कृपेनं आहे, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, इफिस २:८-९ आपण सगळ्यांनी पाठ केलंय. रोज वाचल्यानं देव आपल्यावर जास्त प्रेम करत नाही आणि न वाचल्यानं कमी करत नाही. मग वाचायचं कशाला? भूक लागते म्हणून. माझं मला कसं कळतं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात एका पेशंटचा मुलगा सलाईन संपली म्हणून माझ्यावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडला. पूर्वी मी पण ओरडले असते, माझा आवाज काही लहान नाही. त्या दिवशी मी बाटली बदलली, त्याच्या आईचा हात बघितला, सूज नाही ना ते बघितलं, आणि त्याला म्हणलं दादा तुम्ही जेवलात का सकाळपासून. तो जेवला नव्हता. मी काही ठरवून केलं नाही ते, आतून आलं, आणि घरी येऊन पाय धुताना लक्षात आलं की हे माझं नाही.

आता शेवटचं, म्हणजे हे सगळं करून परत बंद पडलं तर. पडतं. यंदा मे महिन्यात माझं नऊ दिवस बंद होतं, गरमी, स्टाफ कमी, घरात लग्न. दहाव्या दिवशी मी नऊ आकडा कुठंही लिहिला नाही. टिपाड वाकवल्यासारखं मनातलं सगळं ओतून टाकलं, प्रभूला एका वाक्यात सांगितलं की मी आले नाही, आज आलेय. पाय धुतले, खुर्चीवर बसले, खूण होती तिथं मार्क ६ उघडला, ते शिष्य इतके दमलेले होते की त्यांना जेवायला पण वेळ नव्हता आणि प्रभू त्यांना म्हणतो चला, थोडा विसावा घ्या, तेवढंच एक वचन दोनदा पुटपुटले. ६:३१. मैत्रिणीला आकडा पाठवला. तिचा लगेच फोन आला, बरी आहेस का.